नोंद हा कलाकृतीचा अर्धा देह

केळणा नदीच्या काठी भोकरदन आहे. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांमध्ये भोगवर्धनच्या लोकांची नावं कोरलेली आहेत. ते भोगवर्धन म्हणजे हेच गाव. १९७३ साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून इथल्या पांढरीत उत्खनन केलं. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी लिहिलेला त्याचा अहवाल १९७४ साली छापून आला. त्या उत्खननात एक भंगलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी जवळचं नातं सांगणारी दुसरी मूर्ती अभ्यासकांना पस्तीस वर्षं आधीपासून माहीत होती. ती निघाली होती इटलीत, पॉम्पेईच्या राखेखालून.

पॉम्पेईची मूर्ती १९३८ साली अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात सापडली. उंची साधारण वीतभर. आज ती नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. आधी तिला लक्ष्मी म्हटलं गेलं आणि ती मथुरेची मानली गेली. पुढे भोकरदनची मूर्ती आणि तेरच्या रामलिंगअप्पा लामतुरे यांच्या संग्रहातली मूर्ती तिच्याशेजारी ठेवून पाहिल्यावर अभ्यासकांची नजर दख्खनकडे, सातवाहनांच्या मुलखाकडे वळली. तिच्यावर एक खरोष्ठी अक्षर कोरलेलं असल्यामुळे वायव्येकडचा धागाही सोडता येत नाही, आणि चर्चा अजून चालू आहे.

या चर्चेला पाया मिळाला तो दोन ठिकाणच्या नोंदींमुळे. पॉम्पेईला राखेत गाडणारा व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक इ. स. ७९ मधला, तेव्हा मूर्ती त्याआधीची, एवढं राखेच्या थराने ठरवून दिलं. असं काम दख्खनमध्ये पोचलं होतं, हे भोकरदनच्या खड्ड्याने दाखवलं. एका जागेने काळ सांगितला, दुसरीने मुलूख. दोन्ही जागा बोलल्या, कारण मूर्ती उचलण्याआधी ती कुठे आणि कशाच्या सोबत पडली होती हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं. पॉम्पेईचा तो तुकडा एखाद्या दलालाच्या पेटीतून बाजारात आला असता, तर त्याचं वय सांगणं आज किती अवघड झालं असतं याचा विचार करावा.

मी जालना जिल्ह्यातल्या याच भोकरदन तालुक्यातला. संग्रहालयांत व्हिडिओच्या कलाकृती उभ्या करणं आणि त्यांच्या फायली लिहिणं हा माझा व्यवसाय. त्यातही माणसाच्या हालचालीला उत्तर देणाऱ्या कलाकृती माझ्याकडे जास्त येतात. तुम्ही समोर आलात की चित्र बदलतं, हात हलवलात की आवाज उमटतो, निघून गेलात की भिंत पुन्हा कोरी होते. महाराष्ट्रात कलावंतांनी हलत्या चित्राला हात घातला त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली, आणि त्या इतिहासात हरवलेल्या गोष्टी फार आहेत. हस्तिदंत दोन हजार वर्षं मातीत टिकला. व्हिडिओ वीस वर्षंही आपोआप टिकत नाही. म्हणून माझं ठाम मत असं झालं आहे, की या कलेत नोंद म्हणजे कलाकृतीसोबतचे कागद मानून चालत नाही. नोंद हा तिचा अर्धा देह आहे.

हे मत बनायला जालन्यात सुरुवात झाली. १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून वेगळा होऊन जालना जिल्हा झाला. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने दूरदर्शन रंगीत झालं, आणि थोड्याच काळात आमच्याकडे व्हीसीआर आले. जालन्यात माझ्या वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. लग्नाला, बारशाला, गणपतीत लोक भाड्याने ‘व्हिडिओ’ आणायचे. व्हिडिओ म्हणजे एक रंगीत टीव्ही, एक व्हीसीआर आणि रात्रभर पुरतील एवढ्या कॅसेटी. वडील सेट पोचवायचे, लावून द्यायचे आणि परत आणल्यावर उघडून साफ करायचे.

त्यांची एक लांबट वही होती. सेटचा नंबर, बिघाड आणि बदललेला भाग तर कुठलाही मेकॅनिक लिहितो. वडील त्याखाली सेट कुठे ठेवलेला असतो तेही लिहायचे. ‘खिडकीसमोर, दुपारचं ऊन.’ ‘चुलीची भिंत, धूर.’ ‘शेजारी पिठाची गिरणी, दाब खालीवर.’ त्यामुळे सेट दुकानात उतरायच्या आतच बिघाडाचा अंदाज त्यांना आलेला असायचा. यंत्राच्या नोंदीत जागेची नोंद धरावी लागते, हे मी आधी त्या वहीत वाचलं. पुढे मुंबईत संग्रहालयाच्या कामाला लागलो तेव्हा हीच गोष्ट मोठमोठ्या शब्दांत शिकलो.

मुंबईत चित्रकारांनी कॅमेरा हातात घेतला तो काळ माझ्या जन्माआधीचा. १९६९ साली अकबर पदमसी यांनी आपल्या नेहरू फेलोशिपच्या आधारावर ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार, फिल्मवाले यांनी एका छताखाली येऊन यंत्रांशी खेळावं, अशी ती जागा. नलिनी मालानी तेव्हा जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत होत्या. त्यांनी तिथे ‘ड्रीम हाउसेस’ केली. पदमसींनी स्वतः १६ मिलिमीटरवर ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ नावाची फिल्म केली. तिची प्रत हरवली आणि पुन्हा हाती आली नाही. २०१६ साली दिग्दर्शक आशिम अहलुवालिया यांनी नव्वदीकडे झुकलेल्या पदमसींना सोबत घेऊन, त्यांच्या आठवणीतून ती फिल्म पुन्हा जुळवण्याचा प्रयत्न केला. कलावंत हयात होता म्हणून तेवढं तरी साधलं. २०२० च्या जानेवारीत पदमसी गेले. आता त्या फिल्मबद्दल कुणाला काही विचारायचं असेल तर विचारायला माणूस नाही.

संग्रहालयाच्या दालनात व्हिडिओ कसा शिरला, याचं एक महत्त्वाचं उदाहरण १९९९ मधलं आहे. आदल्या वर्षी मे महिन्यात पोखरणला अणुचाचण्या झाल्या होत्या. नलिनी मालानी यांनी उर्दू लेखक मंटो यांच्या फाळणीवरच्या कथेची आठवण जागवत ‘रिमेम्बरिंग टोबा टेकसिंग’ ही मांडणी केली आणि ती मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दाखवली. भिंतींवर मोठी प्रक्षेपणं आणि खाली पत्र्याच्या बारा ट्रंकांमध्ये बारा मॉनिटर. समोरासमोरच्या भिंतींवर दोन स्त्रिया आहेत, आणि मधलं सगळं अंतर ओलांडून त्या एकच साडी घडी घालू पाहतात. ते अंतर प्रेक्षकांनी भरलेलं असतं.

माझ्यासारख्या माणसाला या वर्णनात लगेच प्रश्न दिसतात. दोन भिंतींमध्ये किती फूट होते? अंतर कमी केलं तर साडी सहज घडी होईल असं वाटेल, जास्त केलं तर दोन बायकांचा एकमेकींशी संबंधच उरणार नाही. ट्रंका किती उघड्या होत्या? आत वाकून पाहावं लागत होतं का? घर सोडून निघालेल्या माणसाच्या सामानात वाकून पाहणं आणि उभ्याने टीव्ही पाहणं या दोन वेगळ्या कृती आहेत. नुसत्या कॅसेटमध्ये यातलं काहीच साठवता येत नाही. कॅसेट म्हणजे फक्त भिंतीवरचं चित्र. मधली जागा लिहूनच ठेवावी लागते.

पुढची पायरी शिल्पा गुप्ता यांच्या कामात दिसते. त्याही जे. जे. मधल्या, शिल्पकला शिकलेल्या. २००४ च्या सुमाराला त्यांनी एक मांडणी केली, तिच्यात पडद्यावरच्या आकृत्यांना प्रेक्षक माउसच्या क्लिकने हालवू शकत होता. एकीने केलेली कवायत बाकीच्या आकृत्या उचलत. २००६ आणि २००७ मध्ये त्यांच्या सावल्यांच्या मांडण्या आल्या. प्रेक्षक समोर उभा राहिला की कॅमेरा त्याला टिपतो आणि भिंतीवर त्याची सावली पडते. मग वरून दोऱ्यांवरून घसरत वस्तू येतात आणि सावलीला चिकटतात. हात झटकला तरी सुटत नाहीत. शेजारी अनोळखी माणूस उभा असेल तर त्याच्या सावलीशीही आपली सावली जोडली जाते. इथे प्रेक्षक नसेल तर पाहण्यासारखं काही उरतच नाही. रिकाम्या दालनात त्या कलाकृतीचा फोटो काढला, तर तो एका उजळ भिंतीचा फोटो येईल.

अशी कलाकृती उभी करायची म्हणजे काय करायचं, ते सांगतो. आधी दालन मोजायचं. प्रोजेक्टरच्या लेन्सला ‘थ्रो’ असतो. थ्रो दीडपट असेल तर चार मीटर रुंद चित्रासाठी सहा मीटर मागे जावं लागतं. आपल्या जुन्या दगडी इमारतींत तेवढी जागा नसते. मग जवळून फेकणारी लेन्स लावावी लागते आणि चित्राच्या कडा पुन्हा जुळवाव्या लागतात. नंतर उजेड. सावली टिपणाऱ्या कॅमेऱ्याला डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश द्यावा लागतो. दालनात उन्हाचा एक कवडसा आला तरी कॅमेरा त्याला माणूस समजू शकतो. मग विलंब. हात हलवल्यावर सावली हलायला सेकंदाच्या दहाव्या भागाहून जास्त वेळ लागला, की प्रेक्षक ती सावली आपली मानत नाही आणि दोन पावलं मागे सरकतो. शेवटी जमीन. माणूस कुठून आत येतो, कुठे थांबतो, लहान मूल कॅमेऱ्याच्या नजरेत येतं का, व्हीलचेअरवरची व्यक्ती येते का, हे खडूच्या खुणा करून पाहायचं आणि नकाशात भरायचं.

यातला एकेक आकडा फाइलमध्ये जायला हवा. मुंबईत एका संग्रहालयासाठी काम करताना माझ्या हातात एक जुनी फाइल आली. तिच्यात लिहिलं होतं: प्रोजेक्टर एक, संगणक एक, कॅमेरा एक, केबल. सही आणि तारीख. वस्तूंची नोंद म्हणून ती बरोबर होती, कारण जमाखर्चाला तेवढं पुरतं. पण कॅमेरा छतावर होता की भिंतीवर, तो किती उंचीवर होता, संगणकात कुठल्या आवृत्तीचा प्रोग्रॅम होता, भिंतीचा रंग शुभ्र होता की राखाडी, यातलं काहीच नव्हतं. सगळं सामान गोदामात जागेवर होतं, तरी कलाकृती उभी करता येत नव्हती. आम्ही कलावंताला बोलावलं, जुन्या उद्घाटनाचे फोटो मिळवले, फोटोतल्या माणसांच्या उंचीवरून अंतरांचा हिशेब बांधला. ते काम पुरं झाल्यावर मी जी नवी फाइल लिहिली, ती आजही माझ्या कामाचा नमुना आहे.

त्या फाइलचा सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणजे कलावंताची मुलाखत. तिच्यात मी एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी विचारतो: काय बदललं तर चालेल आणि काय बदललं तर हे तुमचं काम राहणार नाही? कुणी म्हणतं, प्रोजेक्टर कुठलाही लावा, पण पंख्याचा आवाज ऐकू येता कामा नये. कुणाला तो जुन्या टीव्हीचा फुगीर काचेचा पडदाच हवा असतो, कारण चित्र काचेच्या आत असल्यासारखं दिसायला हवं. कुणी सांगतं, एका वेळी एकच माणूस आत सोडा. ही उत्तरं कलावंताच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून, उतरवून, सही घेऊन ठेवतो. मग माणसांची नोंद. प्रदर्शन चालू असताना दालनात उभं राहून लोक काय करतात ते लिहायचं आणि त्यांच्या परवानगीने व्हिडिओत टिपायचं. शाळेची सहल आली की मुलं सावलीला शिंगं काढतात, वयस्कर जोडपी आधी एकमेकांकडे पाहतात. ही कलाकृती प्रत्यक्षात कशी जगली, याचा तेवढाच पुरावा उरतो.

जगातल्या मोठ्या संग्रहालयांनाही हे शिकावं लागलं. ग्रेहॅम वाइनब्रेन आणि रॉबर्टा फ्रीडमन यांनी १९८२ ते १९८५ या काळात ‘द अर्ल किंग’ नावाची व्हिडिओ कलाकृती केली. जर्मन कवी गटे याच्या कवितेवरून सुचलेली ही मांडणी प्रेक्षकाला उत्तर देणाऱ्या व्हिडिओच्या जगातल्या पहिल्या काही कामांपैकी आहे. प्रेक्षक पडद्याला बोट लावायचा आणि कथेचा रस्ता बदलायचा. त्यामागे लेझरडिस्क चालवणारी यंत्रं आणि त्या काळचा सोनीचा संगणक होता. दोन दशकांत ती यंत्रं दुर्मीळ झाली. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने जुना प्रोग्रॅम नव्या संगणकावर चालेल अशी व्यवस्था करून घेतली आणि २००४ साली जुनी व नवी मांडणी शेजारी शेजारी ठेवून लोकांना दाखवली. लोकांनी दोन्हीकडे बोट लावून स्वतः ताडून पाहावं, ही मला त्यातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते.

कोरियातल्या ग्वाचॉनच्या संग्रहालयात नाम जून पाइक यांचा १९८८ मधला ‘द मोर द बेटर’ हा १,००३ टीव्ही संचांचा मनोरा आहे. संच जुने होत गेले आणि २०१८ साली तो बंद करावा लागला. २०२२ मध्ये तो पुन्हा उजळला. ७३७ संच जुन्याच पिक्चर ट्यूबचे राखता आले, वरच्या भागातले छोटे २६६ बदलून चपटे पडदे बसवले. कुठले राखायचे आणि कुठले बदलायचे, हे ठरवून काम पुरं करायला त्यांना चार वर्षं द्यावी लागली. वडिलांच्या दुकानात ज्या पिक्चर ट्यूब भंगारात जायच्या, त्या शोधत आज जगभरची संग्रहालयं फिरत आहेत.

नवी यंत्रं जास्त टिकतात असंही नाही. २०१० च्या अखेरीला मायक्रोसॉफ्टचा काइनेक्ट हा खेळांसाठीचा कॅमेरा आला. माणसाचं शरीर ओळखणारा इतका स्वस्त कॅमेरा तोवर नव्हता, म्हणून कितीतरी कलावंतांनी तो वापरला. २०१७ मध्ये त्याचं उत्पादन थांबलं. वेबवरच्या कामांना चालवणारा फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० नंतर बंद पडला. ज्या कलावंतांनी ‘माणूस दोन मीटरवर आला की चित्र थरथरतं’ असं साध्या शब्दांत लिहून ठेवलं होतं, त्यांचं काम दुसऱ्या कॅमेऱ्यावर पुन्हा उभं करता येतं. ज्यांनी फक्त यंत्राचं नाव लिहिलं, त्यांचं काम यंत्राबरोबर गेलं.

आपल्याकडे हे दुखणं फार जुनं आहे. जालन्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, आणि तिच्याच काठी वरच्या अंगाला पैठण आहे. पैठणी शैलीची चित्रकथीची चित्रं आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आणि इतरत्र पाहायला मिळतात. चित्रकथी ती चित्रं एकामागून एक समोर धरत गाऊन कथा सांगायचा. श्रोते रंगले की प्रसंग लांबायचा, कंटाळले की पान उलटायचं. म्हणजे प्रेक्षकानुसार बदलणारं चित्र आपल्याला नवं नाही. संग्रहालयांनी पानं जपली, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. पण कुठल्या पानावर किती थांबायचं, कुठला सूर लावायचा, हे बहुतेक पानांसोबत आलं नाही. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत परशुराम गंगावणे यांनी उलट बाजूने सुरुवात केली. त्यांनी गोठ्याचं संग्रहालय केलं, ठाकर समाजाची चित्रं आणि बाहुल्या तिथे मांडल्या, आणि घरातलीच माणसं तिथे कथा सादर करत राहिली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे चित्र आणि ते दाखवण्याची रीत एकाच घरात राहिली.

माझ्या जिल्ह्याकडे सांगण्यासारखं खूप आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईला झालेली लढाई, जांबचे समर्थ रामदास, भोगवर्धनचे कारागीर, संकरित बियाण्यांचा उद्योग. आज ना उद्या हे सगळं जालन्यात कुठल्यातरी दालनात पडद्यांवर येईल, आणि ते हात लावला की उलगडणारं असेल, कारण आता सगळीकडे तशीच मागणी आहे. तेव्हा माझं एक मागणं आहे. पडदे विकत घेताना त्याच निविदेत नोंदीचे पैसे धरावेत. अंतरं, उजेड, प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, करणाऱ्याची मुलाखत आणि प्रेक्षकांच्या वागण्याची निरीक्षणं असलेली फाइल मराठीत लिहून घ्यावी. तिची एक प्रत जिल्ह्याबाहेर ठेवावी. दर वर्षी एकदा सगळं उतरवून, केवळ त्या फाइलच्या आधाराने पुन्हा उभं करून पाहावं. जिथे अडेल तिथे फाइल अपुरी आहे, ती त्याच दिवशी पुरी करावी.

याला परदेशातून तज्ज्ञ आणायची गरज नाही. जालन्याच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना मल्टिमीटर धरता येतो, सोल्डरिंग येतं. त्यांना दालन मोजायला, प्रश्न विचारायला आणि नीट मराठी वाक्यात लिहायला शिकवलं, तर संग्रहालयांना लागणारा एक व्यवसाय इथे उभा राहील. शिकवायला मी यायला तयार आहे.